चेन्नईचा ‘इम्पॅट’ डेटाबेस: इन्सुलिन रेझिस्टन्सवरची वनस्पतिद्रव्यं शोधणाऱ्यांसाठी

मी फार्मसी कॉलेजात फार्माकॉग्नोसी, म्हणजे निसर्गातून मिळणाऱ्या औषधांचं शास्त्र, शिकवते. दरवर्षी एम. फार्म.ची एखादी तरी मुलगी प्रोजेक्टच्या वेळी येऊन म्हणते, ‘मॅडम, मला डायबेटिसवर हर्बल काहीतरी करायचंय.’ पूर्वी मी तिला ग्रंथालयात पाठवायचे. आता आधी ‘इम्पॅट’समोर बसवते. गेली काही वर्षं हा डेटाबेस मी स्वतः वापरतेय, मुलांकडून वापरून घेतेय, आणि त्याबद्दल मराठीत कुणी नीट लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून हे लिहितेय. आधीच सांगते, मला तो फार आवडतो. आपल्या देशात झालेल्या इतक्या चांगल्या कामाची आपल्याच फार्मसीच्या, आयुर्वेदाच्या, वनस्पतिशास्त्राच्या मुलांना माहिती नसावी याचं वाईट वाटतं.

इम्पॅट म्हणजे भारतीय औषधी वनस्पती, त्यांच्यातली रसायनं आणि त्यांचे पारंपरिक उपयोग यांची एकत्र बांधलेली नोंदवही. ती तयार केली चेन्नईच्या तारामणीतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस या संस्थेत, अरिजित सामल यांच्या गटानं. गणिताच्या संस्थेत झाडपाल्याचं काम कसं, असं मुलं विचारतात. संगणकीय जीवशास्त्राचा गट तिथे आहे, हे त्याचं साधं उत्तर. पहिली आवृत्ती २०१८ मध्ये आली, तेव्हा १,७४२ वनस्पती आणि ९,५९६ रसायनं होती. आताच्या दुसऱ्या आवृत्तीत ४,०१० वनस्पती, १७,९६७ रसायनं आणि १,०९५ उपयोग आहेत. पारंपरिक औषधींवरची शंभराहून अधिक पुस्तकं आणि हजारो शोधनिबंध माणसांनी बसून वाचले, त्यातून हे उभं राहिलं. लॉगिन नाही, पैसे नाहीत. सर्च इंजिनात आय-एम-पी-पी-ए-टी ही अक्षरं इंग्रजीत टाकली की पहिल्याच ओळीत सापडतो.

दुसऱ्या आवृत्तीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा बदल म्हणजे वनस्पतीचा भाग. कुठलं रसायन मुळात, कुठलं पानात, कुठलं बीमध्ये, हे वेगवेगळं नोंदलंय. जांभळाची बी आणि जांभळाचं पान ही दोन वेगळी औषधं आहेत, हे वर्गात कितीही घसा फोडून सांगितलं तरी मुलं प्रोजेक्टच्या शीर्षकात नुसतं ‘जांभूळ’ लिहितात. इथे भाग निवडायचं भान यादीच देते. प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून घेतली याचा संदर्भही आहे, त्यामुळे मूळ निबंधापर्यंत जाता येतं. मी मुलांना तिथपर्यंत जायलाच लावते.

आता मुख्य मुद्द्याकडे. इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे पेशींनी इन्सुलिनला दाद न देणं, कमी करणारं द्रव्य शोधायचं म्हटलं की बहुतेक जण ‘उपयोग’ या खिडकीत डायबेटिस टाकतात आणि वनस्पतींची लांबलचक यादी हातात येते. इथेच थांबून विचार करायला हवा. ही यादी ग्रंथांवरून आणि लोकपरंपरेवरून आलीय. प्रमेह, मधुमेह, लघवीला मुंग्या लागणं हे आपल्या वैद्यांना ठाऊक होतं. पण शरीरात इन्सुलिन असूनही पेशी त्याला दाद देत नाहीत, असा रुग्णांचा एक वेगळा गट आहे हे हिम्सवर्थ या डॉक्टरनं लंडनमध्ये दाखवलं १९३६ साली. म्हणजे ‘डायबेटिसवर उपयोगी’ अशी नोंद असलेली वनस्पती नेमकं काय करते, ते या खिडकीतून कळत नाही. ते आपल्याला शोधावं लागतं.

रक्तातली साखर बऱ्याच वाटांनी खाली आणता येते. कोकणातली सप्तरंगी घ्या. तिच्यातल्या सॅलासिनॉल नावाच्या गंधकयुक्त द्रव्याचा शोध जपानी शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये तिच्या श्रीलंकेतल्या बहिणीत, कोतला हिंबुटूत लावला. तिथे या झाडाच्या लाकडाचा पेला करून त्यात पाणी ठेवून पितात. सॅलासिनॉल आतड्यातल्या अल्फा-ग्लुकोसिडेज या विकराला (एन्झाइमला) अडवतं, पिष्टमय पदार्थांची साखर सावकाश होते, जेवणानंतरची साखर उसळत नाही. चांगलं काम आहे, पण ते आतड्यातलं आहे. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देत नाहीत, त्याच्याशी या द्रव्याचा थेट संबंध नाही. मेथीतलं फोर-हायड्रॉक्सिआयसोल्युसिन स्वादुपिंडाकडून इन्सुलिन जास्त सोडवून घेतं. ज्याच्या रक्तात आधीच इन्सुलिन भरपूर आहे आणि तरी साखर चढलीय, त्याच्या बाबतीत हा प्रश्न वेगळाच आहे. बेडकीच्या पाल्यातली जिम्नेमिक ॲसिडं जिभेवरच्या गोडाच्या ग्राहकांना (रिसेप्टर्सना) काही काळ बंद करतात. पान चावून साखर तोंडात टाकली तर वाळूसारखी लागते. वर्गात हे करून दाखवलं की कधीही न बोलणारी मुलंही बोलायला लागतात.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की यादीवरून रसायनांकडे जायचं, आणि प्रत्येक रसायनाला एकच प्रश्न विचारायचा: तू इन्सुलिनच्या साखळीतल्या कुठल्या कडीला हात घालतोस? इन्सुलिन ग्राहकाला चिकटलं की ग्राहकावर फॉस्फेटचे गट बसतात, निरोप आत जातो, आणि स्नायूच्या पेशीत ग्लूट-फोर हे वाहक पृष्ठभागावर येऊन साखर आत घेतं. पीटीपी-वन-बी नावाचं विकर ते फॉस्फेट काढून टाकतं. १९९९ मध्ये हे विकर नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा ते इन्सुलिनला जास्त दाद देत होते. एएमपीके (पेशीतल्या ऊर्जेवर लक्ष ठेवणारं विकर) ही दुसरी कडी, पीपीएआर-गॅमा (जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन) तिसरी. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध याच तिसरीवर चालतं. इम्पॅटमध्ये बऱ्याच रसायनांपुढे त्यांची मानवी प्रथिनांशी असलेली संभाव्य नाती दिलीत. ‘संभाव्य’ हा शब्द मी मुलांच्या वहीत लाल पेनानं अधोरेखित करते. हे संगणकानं केलेलं भाकीत आहे, प्रयोगाचा निकाल नव्हे.

या पद्धतीनं गेल्यावर जे हाती लागतं त्यात मला सगळ्यात जवळचं वाटतं ते ताम्हण. आपलं राज्यफूल. आमच्या कॉलेजच्या फाटकाशीच एक आहे, आणि मुलं त्याचे फोटो काढण्यापलीकडे त्याच्याकडे पाहत नाहीत. फिलिपाइन्समध्ये त्याच झाडाला बनाबा म्हणतात आणि त्याच्या पानांचा चहा मधुमेहासाठी पिढ्यान्‌पिढ्या पितात. इम्पॅटमध्ये लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा शोधा, पानाच्या नोंदी बघा. कोरोसोलिक ॲसिड भेटेल. हे पाच कड्यांचं ट्रायटर्पिन, आणि पीटीपी-वन-बीला अडवत असल्याचे प्रयोगशाळेतले निष्कर्ष त्याच्या नावावर आहेत. त्याच पानातली लॅगरस्ट्रोमिन, फ्लोसिन-बी ही एलाजिटॅनिनं चरबीच्या पेशींत साखर आत घ्यायला लावतात, असं २००२ मध्ये जपानी गटानं दाखवलं. म्हणजे एकाच पानात दोन अगदी वेगळ्या घराण्यांची रसायनं एकाच साखळीवर वेगवेगळ्या ठिकाणी काम करत असू शकतात. अशी जागा सापडली की मला रात्री झोप लागत नाही.

आणि तरीही पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: माणसात काय दिसलं? कोरोसोलिक ॲसिडचा एक जपानी प्रयोग २००६ चा आहे. ३१ जणांना १० मिलिग्रॅम देऊन मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजलं, तेव्हा दीड तासानंतरची साखर कमी दिसली. हे उत्साह वाढवणारं आहे, पण त्यातून इन्सुलिन रेझिस्टन्स कमी झाला असं म्हणता येत नाही. त्यासाठी उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि साखर यांवरून होमा-आयआर हा निर्देशांक काढावा लागतो, किंवा खरी कसोटी म्हणजे क्लॅम्प. १९७९ मध्ये डीफ्रॉन्झोनं मांडलेली ही पद्धत: शिरेतून इन्सुलिन ठरावीक वेगानं देत राहायचं, साखर स्थिर ठेवायला किती ग्लुकोज लागतं ते मोजायचं. जास्त लागलं, तर पेशी दाद देतायत. इम्पॅट या पायरीपर्यंत नेत नाही, आणि न्यायचा त्याचा दावाही नाही. ही पायरी मूळ निबंध वाचूनच चढावी लागते.

जिथे माणसातला पुरावा बराच पुढे गेलाय ते द्रव्य म्हणजे बर्बेरिन, आणि ते आपल्या दारुहळदीत आहे. हिमालयातल्या बर्बेरिस अरिस्टाटाची मुळं आणि खोडाची साल पिवळीधमक असते ती त्यामुळेच. चीनमध्ये ते कॉप्टिस या वेगळ्याच वनस्पतीतून काढतात. २००८ मधला चिनी प्रयोग मी वर्गात ओळीनं वाचायला लावते. नव्यानं निदान झालेल्या ३६ रुग्णांत ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तीन महिने. परिणाम मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीशी तुलना करण्याजोगा. साखर आटोक्यात नसलेल्या आणखी ४८ जणांत उपाशीपोटीचं इन्सुलिन २८.१ टक्क्यांनी आणि होमा-आयआर ४४.७ टक्क्यांनी खाली आला. इथे पहिल्यांदा आपल्या प्रश्नाचं थेट उत्तर मिळतं, कारण साखरेबरोबर इन्सुलिनही खाली आलं. प्रयोग लहान आहेत आणि पोट बिघडण्याच्या तक्रारी तिघांतल्या एकाला होत्या, हेही त्याच निबंधात लिहिलंय.

इम्पॅटच्या चाळणीबद्दल बर्बेरिनच्या निमित्तानं बोलायलाच हवं. प्रत्येक रसायनाच्या पानावर लिपिन्स्कीचे नियम (तोंडावाटे घ्यायच्या औषधाचा रेणू केवढा, कसा असावा याचे ठोकताळे) आणि त्यासारखे इतर निकष लावून ते औषधासारखं आहे का याचा निकाल दिलाय. शोषणाबद्दलची भाकितंही आहेत. सगळे निकष पार केलेली १,३३५ द्रव्यं त्यांनी वेगळी काढलीत, आणि त्यातली बहुतेक आजच्या कुठल्याही मान्यताप्राप्त औषधाशी साम्य दाखवत नाहीत. नवं औषध शोधणाऱ्याला हे वाचून किती हुरूप येतो ते मला शब्दांत सांगता येत नाही. पण मुलं ही चाळणी परीक्षेच्या निकालासारखी वापरतात, नापास झालं की टाकून देतात. बर्बेरिनचा रेणूभार जेमतेम ३३६; कागदावर ते सहज पास होतं, आणि प्रत्यक्षात तोंडावाटे घेतलं तर रक्तात अतिशय कमी पोचतं. तरी काम करतं, कारण आतड्यातले जीवाणू त्याचं डायहायड्रोबर्बेरिन करतात आणि ते जास्त शोषलं जातं. उलट मँजिफेरिन, जे आंब्याच्या पानात आणि सप्तरंगीच्या मुळातही आहे, त्याच्यावर इतके हायड्रॉक्सिल गट आहेत की ते लिपिन्स्कीत अडकतं. जिम्नेमिक ॲसिड आठशेच्या आसपास रेणूभाराचं, तेही अडकतं. निसर्गातली द्रव्यं या नियमांसाठी तयार झालेली नाहीत. चाळणी क्रम लावायला वापरावी, दार बंद करायला नको.

तयार त्रिमितीय रचना मिळतात ही तर फार मोठी सोय. एसडीएफ, मोल-टू, पीडीबी अशा फाइली, आणि रेणू प्रथिनात कसा बसतो ते संगणकावर पाहणाऱ्या (म्हणजे ‘डॉक’ करणाऱ्या) ऑटोडॉकला थेट लागणारी पीडीबीक्यूटी सुद्धा. पूर्वी आमच्याकडे एकेक रेणू हातानं काढायला संध्याकाळ जायची आणि त्यात कुठेतरी त्रिमितीय मांडणी उलटी पडायची. आता शंभर रेणू दुपारच्या चहाआधी तयार होतात. पण याच सोयीमुळे एक धोका वाढलाय, आणि परीक्षक म्हणून तो मला फार जाणवतो. शंभर रेणू संगणकावर पीटीपी-वन-बीत डॉक केले, पकडीचा सगळ्यात खालचा आकडा आला तो विजेता, आणि प्रबंधाचा निष्कर्ष ‘हे द्रव्य मधुमेहावर प्रभावी ठरेल’. मोठ्या रेणूला असा खालचा आकडा सहज मिळतो. आमच्याकडे नियम केलाय: प्रथिनाच्या स्फटिकात आधीपासून बसलेला रेणू काढून पुन्हा डॉक करायचा, तो मूळ जागी परत बसला तरच पुढे जायचं. आणि त्यानंतर उंदराच्या एल-सिक्स स्नायूपेशींत साखर आत जाते का ते प्रत्यक्ष मोजायचं. पीटीपी-वन-बीवर कित्येक कंपन्यांनी पैसा ओतला. त्याला अडवणाऱ्या एर्टिप्रोटाफिब या औषधाच्या मानवी चाचण्या दुसऱ्या टप्प्यावर थांबल्या. त्या विकराची पकडीची जागा उथळ आणि विद्युतभारानं भरलेली आहे, तिथे बसणारे रेणू पेशीत शिरत नाहीत. हे माहीत असलेली मुलगी निष्कर्ष वेगळ्या शब्दांत लिहिते.

एक गोष्ट मला इम्पॅटमध्ये हवीहवीशी वाटते, ती म्हणजे प्रमाण. कुठल्या भागात कुठलं रसायन आहे ते कळतं, किती आहे ते कळत नाही. गुळवेलीतही बर्बेरिन नोंदलं गेलंय आणि दारुहळदीतही. पण गुळवेलीत ते अगदी थोडं, दारुहळदीच्या मुळात टक्क्यांच्या हिशेबात. तीन टक्के धरले तरी चिनी प्रयोगातल्या रोजच्या १,५०० मिलिग्रॅमसाठी ५० ग्रॅम मूळ लागेल, तेही सगळंच्या सगळं अर्कात उतरलं तर. हा हिशेब मुलांकडून करून घेतला की ‘काढा प्यायला’ आणि ‘द्रव्य दिलं’ यांतलं अंतर त्यांना आपोआप दिसतं. प्रमाणासाठी मी अमेरिकी कृषी खात्याचा जेम्स ड्यूक यांचा डेटाबेस जोडीला उघडते, त्यात पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती) आकडे आहेत. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून काम करावं.

वनस्पतीची ओळख पक्की करणं हे काम कुठलाच डेटाबेस आपल्यासाठी करणार नाही. दारुहळद म्हणून दक्षिणेकडे झाडी हळद, म्हणजे कोसिनियम, सर्रास दिली जाते. तिच्यातही बर्बेरिन आहे, पण वनस्पती वेगळी, कुळही वेगळं, आणि ती जंगलातून संपत चाललीय. बाजारातून आणलेल्या प्रत्येक पुडीची आधी सूक्ष्मदर्शकाखाली पावडर बघायची आणि टीएलसीवर (मिश्रणातली रसायनं वेगळी करणाऱ्या पट्टीवर) बर्बेरिनचा पिवळा ठिपका बघायचा, त्याशिवाय एकही प्रयोग आमच्या प्रयोगशाळेत सुरू होत नाही.

आता घरच्यांबद्दल, कारण हे वाचणाऱ्यांत संशोधक कमी आणि साखरवाले जास्त असणार हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे आईच्या माहेरी जवळजवळ प्रत्येकाला मधुमेह आहे, आणि कुणीच लठ्ठ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम आमच्या घराकडे बघून केलंय असं वाटावं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दिसायला बारीक, आतून चरबी, आणि त्यातून इन्सुलिन रेझिस्टन्स. माझी मावशी दारातल्या इन्सुलिनच्या झाडाचं पान रोज सकाळी चावते. फोनवर मला म्हणाली, ‘अगं, तू एवढी शिकलेली, तुझ्या त्या कॉम्प्युटरवर बघून सांग ना, दोन पानं खाऊ की चार?’ मी म्हटलं, ‘मावशी, त्या कॉम्प्युटरवर डोस नसतो गं. तू गोळ्या बंद केलेल्या नाहीस ना, एवढं आधी सांग.’ तिनं बंद केल्या नव्हत्या. मला रडू यायचं राहिलं होतं.

इम्पॅटमधली नोंद म्हणजे सल्ला नाही, हे म्हणूनच इतक्या आग्रहानं सांगतेय. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. बर्बेरिन यकृतातल्या, औषधं मोडणाऱ्या सीवायपी विकरांना अडवतं, त्यामुळे दुसऱ्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. गरोदरपणात ते घेऊ नये. मेटफॉर्मिनचं मूळही वनस्पतीतच आहे, युरोपातल्या गलेगा ऑफिसिनॅलिसमधल्या गॅलेजिनमध्ये. पण गॅलेजिन विषारी ठरलं. मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं, आणि पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी रुग्णांवरचे निष्कर्ष छापले १९५७ मध्ये. पानातल्या रेणूपासून गोळीपर्यंतचा रस्ता एवढा लांब असतो, आणि तो चालून आलेली गोळी मावशीच्या डब्यात आहे.

तर कुणी वापरावा? बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षापासून पुढच्या प्रत्येकानं, आयुर्वेदाच्या द्रव्यगुणाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी, वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांनी. संगणकाची भीती असलेल्यालाही अर्ध्या तासात येतो. शोध मात्र वनस्पतिशास्त्रीय नावानं करावा आणि जुनी-नवी दोन्ही नावं टाकून बघावीत. मावशीच्या झाडालाच कॉस्टस पिक्टस, कॉस्टस इग्निअस आणि कॅमीकॉस्टस कस्पिडेटस अशा तीन नावांखाली निबंध आहेत. परवाना बिगरव्यापारी वापराचा आहे, म्हणजे प्रबंधासाठी खुशाल घ्या, उत्पादन विकण्यासाठी नाही. यादी उतरवून घेताना तारीख आणि आवृत्ती वहीत लिहून ठेवा. २०१८ च्या आवृत्तीवरून केलेला एक प्रबंध माझ्याकडे तपासायला आला होता, त्यात वनस्पतीचा भागच नव्हता आणि तोंडी परीक्षेत त्या मुलाला पान की साल ते सांगता आलं नाही.

यंदाची माझी विद्यार्थिनी ताम्हणाच्या पानांवर काम करतेय. कोवळी पानं आणि जून पानं वेगळी वाळवलीत, कोरोसोलिक ॲसिड एचपीटीएलसीवर मोजायचंय, त्यानंतर एल-सिक्स पेशी. दुसऱ्या कुठल्या कॉलेजात कुणी ताम्हणावर काम करत असेल तर खाली जरूर लिहा. पानं कुठल्या महिन्यात तोडली तेवढं आवर्जून सांगा.